रोमचे प्राचीन अवशेष कसे पाहावेत : चार दिवसांची सविस्तर आखणी

रोमन फोरममध्ये, म्हणजे प्राचीन रोमच्या मुख्य चौकात, पहिल्यांदा उतरणाऱ्या माणसाच्या पदरी बहुतेक वेळा निराशा येते. चित्रांतून पाहिलेले भव्य रोम मनात घेऊन तो आलेला असतो आणि समोर दिसतात मोडके खांब, अर्धवट भिंती, उघडी पडलेली जोती आणि त्यांच्यामधून वाट काढणारी गर्दी. युरोपच्या पंधरवड्याच्या सहलीत रोमच्या वाट्याला जेमतेम दीड दिवस येतो. त्यातले दोन तास कलोसियम या झुंजींच्या प्राचीन प्रेक्षागारात जातात, फोरम रस्त्याच्या कठड्यावरूनच उरकले जाते आणि माणूस घरी येऊन सांगतो की तिथे नुसते दगड आहेत. दोष त्या माणसाचा नाही. ज्याला माची कुठली, बालेकिल्ला कुठला आणि पाण्याची टाकी कुठे असणार याचा अंदाज असतो, त्यालाच पडका किल्ला दिसतो. रोमच्या अवशेषांचेही तसेच आहे. तिथे जाण्याआधी आणि पोचल्यावर कोणत्या क्रमाने काय पाहायचे हे ठरवले, तर तेच दगड बोलू लागतात.

पुढील आखणी केवळ प्राचीन रोमसाठी आहे. व्हॅटिकन, त्रेवीचे कारंजे आणि इतर चर्च यांसाठी वेगळे दिवस काढावेत, कारण एकाच दिवशी सगळे गाठायला गेल्यास दुपारनंतर डोळे पाहायचे सोडून देतात आणि पाय तेवढे चालत राहतात.

निघण्यापूर्वी

इटली शेंगेन क्षेत्रात, म्हणजे एकच व्हिसा चालणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, असल्यामुळे भारतीय पारपत्रधारकाला शेंगेन व्हिसा लागतो. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून आणि उशिरात उशिरा पंधरा दिवस आधी करता येतो. तो ज्या देशात सर्वाधिक दिवस मुक्काम असेल त्या देशाकडे करायचा असतो आणि सोबत किमान ३०,००० युरोंचे संरक्षण देणारा वैद्यकीय प्रवास विमा जोडावा लागतो. उन्हाळी सुट्टीच्या दिवसांत मुंबई-पुण्याकडे भेटीची वेळ मिळणेच कठीण होते, म्हणून मे महिन्यात जायचे असेल तर जानेवारी-फेब्रुवारीतच कागदपत्रे तयार ठेवावीत.

ऋतूची निवड अवशेषांच्या बाबतीत फार महत्त्वाची ठरते, कारण फोरम आणि पॅलाटाइन टेकडी मिळून पसरलेल्या विस्तीर्ण आवारात सावली फार थोडी आहे. एप्रिल, मे आणि ऑक्टोबर हे महिने उत्तम. जुलै-ऑगस्टमध्ये तापमान ३५ अंशांच्या पुढे जाते आणि तापलेल्या दगडी फरसबंदीवरून ती उष्णता अंगावर परत येते; आपल्याला उन्हाची सवय आहे, या भरवशावर राहू नये. हिवाळ्यात गर्दी कमी असते, मात्र सूर्य लवकर मावळतो आणि आवाराचे दरवाजेही दुपारी साडेचारच्या सुमारास बंद होतात, त्यामुळे सगळी वेळापत्रके सकाळकडे सरकवावी लागतात.

तिकिटांच्या बाबतीत विशेष काळजी घ्यावी. कलोसियम, फोरम आणि पॅलाटाइन यांचे तिकीट एकत्र असते आणि कलोसियममध्ये शिरण्याची वेळ त्यावर ठरलेली असते. साध्या तिकिटाचा दर सुमारे १८ युरो असून, ज्यात आखाड्याचा फलाट किंवा तळघर यांचा समावेश असतो त्या तिकिटाचा दर सुमारे २४ युरो आहे. तिकिटे अधिकृत संकेतस्थळावर भेटीच्या ३० दिवस आधी खुली होतात आणि तळघराची तिकिटे फार लवकर संपतात. म्हणून आपली तारीख ठरली की तिच्या बरोबर ३० दिवस आधीचा दिवस दिनदर्शिकेवर खूण करून ठेवावा आणि त्या दिवशी संगणकासमोर बसावे. उन्हाळ्यात रोमचे घड्याळ आपल्या साडेतीन तास आणि हिवाळ्यात साडेचार तास मागे असते, हे विसरू नये. २०२३ च्या ऑक्टोबरपासून तिकिटावर प्रत्येकाचे नाव असते आणि दारात ओळखपत्राशी ते ताडून पाहिले जाते, तेव्हा नाव पारपत्रावर आहे त्याच अक्षरांत भरावे. अठरा वर्षांखालील मुलांना प्रवेश विनामूल्य असला, तरी त्यांचेही तिकीट काढावेच लागते. शोधयंत्रावर आधी दिसणारी अनेक संकेतस्थळे मध्यस्थांची असतात आणि ती दुप्पट-तिप्पट पैसे घेतात, म्हणून पैसे भरण्यापूर्वी पत्ता नीट वाचावा. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रवेश सर्वांना मोफत असतो. नेमका तोच दिवस मी टाळायला सांगेन, कारण त्या दिवशी अवशेषांपेक्षा माणसेच अधिक दिसतात.

मुक्काम आणि सोबतचे सामान

राहण्यासाठी मोंती हा भाग मला सर्वांत सोयीचा वाटतो. कलोसियम तिथून पायी दहा-पंधरा मिनिटांवर आहे. त्याहून स्वस्त हवे असल्यास तेर्मिनी स्थानकाच्या आसपासचा एस्क्विलिनो भाग पाहावा. तिथल्या पियाझ्झा व्हित्तोरियोच्या परिसरात भारतीय आणि बांगलादेशी वाणसामानाची दुकाने आहेत, आणि वडीलधाऱ्यांना सोबत नेणाऱ्या कुटुंबांना त्यांचा मोठा आधार होतो.

सामानात सर्वांत महत्त्वाचे म्हणजे जाड तळव्याचे, आधीपासून वापरात असलेले बूट. फोरममधला प्राचीन रस्ता काळ्या बेसॉल्टच्या मोठमोठ्या लाद्यांचा आहे. त्या लाद्यांच्या कडा शतकांच्या वापराने गोल झाल्या आहेत आणि त्यांच्यामधल्या फटीत पाऊल सहज मुरगळते. काचेची बाटली आणि मोठी सॅक कलोसियममध्ये नेता येत नाही आणि सामान ठेवण्याची सोयही तिथे नाही, त्यामुळे लहान पिशवी, टोपी आणि धातूची किंवा प्लास्टिकची एक बाटली पुरे. पाणी विकत घेण्याची गरज नाही. शहरभर २,५०० च्या आसपास ओतीव लोखंडाचे बुटके नळ आहेत. त्यांच्या वाकड्या तोटीमुळे रोमकर त्यांना ‘नासोने’, म्हणजे मोठे नाक, म्हणतात. त्यातून दिवसरात्र थंड, पिण्याजोगे पाणी वाहत असते. तोटीचे तोंड बोटाने दाबले की वरच्या लहान छिद्रातून पाण्याची धार उसळते आणि ओंजळ न करता पाणी पिता येते. मुलांना ही युक्ती फार आवडते. शक्य असल्यास एक लहान दुर्बीणही सोबत घ्यावी. तिचा उपयोग पुढे येईल.

पहिली संध्याकाळ : आधी वरून पाहावे

पहिल्या दिवशी तिकीट काढून कुठेही शिरू नये. संध्याकाळी कापितोलिन टेकडीवर चढावे. मायकेलँजेलोने आखलेल्या चौकात मधोमध नगरपालिकेची जी इमारत आहे, तिच्या दोन्ही बाजूंनी मागे वाट जाते आणि तिथल्या कठड्यावरून अख्खे फोरम खाली पसरलेले दिसते. याला एक पैसाही लागत नाही, आणि संपूर्ण आखणीत ही पायरी मला सर्वांत महत्त्वाची वाटते.

इथे निदान अर्धा तास थांबून नकाशाशी जुळवणी करावी. अगदी पायाशी आठ खांबांची रांग दिसते, ते सॅटर्न या रोमन देवाचे मंदिर. डावीकडे तीन दरवाजांची मोठी कमान आहे, ती सम्राट सेप्टिमियस सेवेरसची. तिच्या पलीकडे विटांची, कोणतीही सजावट नसलेली उंच इमारत म्हणजे सिनेटचे सभागृह, कुरिया. दूर समोरच्या टोकाला एका दरवाजाची लहान कमान म्हणजे सम्राट टायटसची, तिच्या मागे कलोसियमचा वरचा भाग डोकावतो, आणि उजवीकडे झाडांनी भरलेली टेकडी ती पॅलाटाइन. या सहा खुणा मनात पक्क्या झाल्या की दुसऱ्या दिवशी खाली उतरल्यावर वाट चुकत नाही.

त्याच वेळी खोलीकडेही लक्ष द्यावे. आजचा रस्ता वर आहे आणि प्राचीन रोम कित्येक मीटर खाली. ही मुळात टेकड्यांमधली दलदल होती. क्लोआका मॅक्सिमा या मोठ्या गटाराने ती उपसून काढल्यावर तिथे बाजार आणि सभास्थान उभे राहिले. साम्राज्य लयाला गेल्यावर देखभाल थांबली, पुराचा गाळ आणि पडझडीचा भराव साचत गेला, आणि एक काळ असा आला की लोक या जागेला ‘काम्पो व्हाक्चिनो’, म्हणजे गुरांचे रान, म्हणू लागले. पद्धतशीर उत्खनन एकोणिसाव्या शतकात सुरू झाले. रोममध्ये कुठेही उभे राहिलात तरी ‘त्या काळची जमीन कुठे होती?’ हा प्रश्न विचारायची सवय लावून घ्यावी.

अंधार पडू लागला की टेकडी उतरून सम्राट ट्राजनच्या स्तंभाकडे जावे. इ.स. ११३ मध्ये उभारलेल्या या सुमारे ३० मीटर उंच स्तंभावर डेशियाच्या (आजच्या रोमेनियाच्या परिसरातल्या) मोहिमांची कथा सर्पिल पट्टीत कोरली आहे. दुर्बीण घ्यायला सांगितले ते यासाठी. वरच्या वेढ्यांतले सैनिक, होड्या आणि तटबंदी बांधणारे मजूर नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत.

दुसरा दिवस, सकाळ : पॅलाटाइनवरून फोरममध्ये

फोरमच्या मुख्य दाराशी रांग लांब असते. त्याऐवजी सकाळी दार उघडण्याच्या वेळी व्हिया दि सान ग्रेगोरियो या रस्त्यावरच्या पॅलाटाइनच्या दाराने आत शिरावे. तिकीट तेच चालते, रांग बहुधा लहान असते आणि आधी टेकडी व मग खोरे हा क्रम इतिहासाच्याही क्रमाला धरून आहे. एकदा या आवारातून बाहेर पडले की त्याच तिकिटावर पुन्हा आत जाता येत नाही, म्हणून खाण्याचा थोडा कोरडा शिधा जवळ ठेवावा.

पॅलाटाइनवर दंतकथेनुसार इ.स.पू. ७५३ मध्ये रोम्युलसने नगर वसवले, आणि टेकडीच्या नैर्ऋत्य बाजूला लोहयुगातल्या झोपड्यांच्या खांबांसाठी खडकात खोदलेले खळगे खरोखरच सापडले आहेत. त्याच टेकडीवर पुढे सम्राटांचे वाडे आले. ‘पॅलेस’ हा शब्दच पॅलाटाइनवरून निघाला. डोमिशियनच्या राजवाड्याच्या विटांच्या भिंती प्रचंड आहेत, पण सजावटीचा संगमरवर केव्हाच उतरवून नेलेला असल्यामुळे त्या रुक्ष वाटतात. इथे दीड तासापेक्षा जास्त रेंगाळू नये. दक्षिण कडेवरून सर्कस मॅक्सिमस हे रथांच्या शर्यतींचे लांबट मैदान पाहावे, उत्तरेच्या फार्नेसे बागेच्या गच्चीवरून फोरमकडे दुसऱ्या बाजूने नजर टाकावी आणि खाली उतरावे.

उतरताच टायटसची कमान येते. हिच्या आतल्या भिंतीवर जेरुसलेमच्या मंदिरातून इ.स. ७० मध्ये लुटून आणलेला सात शाखांचा दीपवृक्ष खांद्यावर वाहणारी मिरवणूक कोरली आहे. एका पराभूत समाजाच्या दुःखाचा हा दगडी दस्तऐवज आहे आणि त्याच्यासमोर थोडे शांत उभे राहावे असे मला मनापासून वाटते. मग जरा मागे सरकून कमानीचे दोन रंग पाहावेत. मधला भाग मूळचा संगमरवरी आहे. बाजूचा काहीसा खरखरीत भाग १८२० च्या सुमारास व्हालादिये या वास्तुविशारदाने मुद्दाम ट्रॅव्हर्टाइन या वेगळ्या दगडात पूर्ण केला, जेणेकरून जुने कोणते आणि नवे कोणते हे पाहणाऱ्याला कळावे. हा फरक एकदा ओळखता आला की पुढे प्रत्येक इमारतीत डोळा तो आपोआप शोधतो.

इथून ‘पवित्र मार्गा’ने पुढे जाताना उजव्या हाताला तीन अजस्र कमानदार दालने दिसतात, ती सम्राट मॅक्सेन्शियसच्या बॅसिलिकाची, म्हणजे न्यायनिवाडा आणि व्यवहार चालत त्या सार्वजनिक सभागृहाची. ही तिची केवळ एक बाजू आहे; मधला उंच सभामंडप आणि पलीकडची बाजू कोसळून गेली. आपल्या दृष्टीने जिव्हाळ्याची गोष्ट याच्या पायाखाली आहे : बॅसिलिका होण्यापूर्वी इथे सम्राट डोमिशियनने बांधलेली मिऱ्यांची कोठारे होती. मिरी येत असे ती मुख्यतः मलबारच्या किनाऱ्यावरून, आणि त्याच सागरी व्यापारात आपला किनाराही सामील होता. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासपुस्तिकेत सोपारा, कल्याण, पैठण आणि तेर ही नावे आहेत. भारतीय माल रोमच्या तिजोरीतून दरवर्षी ५ कोटी सेस्टर्स (रोमन नाणी) ओढून नेतो, अशी तक्रार प्लिनी या रोमन लेखकाने लिहून ठेवली आहे. ही माहिती मनात ठेवून त्या दालनांखाली उभे राहिले की फोरम परके वाटत नाही.

पुढे सम्राट अँटोनायनस आणि त्याची पत्नी फॉस्टिना यांचे मंदिर येते. इ.स. १४१ मध्ये सुरू झालेल्या या मंदिराचे सहा दर्शनी खांब शाबूत आहेत आणि त्यांच्यामागे चर्चची भिंत आहे. या भिंतीतला दरवाजा नीट पाहावा. तो पायऱ्यांच्या माथ्यापासून कितीतरी वर अधांतरी लटकतो आहे, त्याच्याखाली ना उंबरा ना वाट. तो बसवला तेव्हा जमीनच तिथपर्यंत भरून आलेली होती आणि लोक सपाटीवरून चालत आत जात असत. नंतर उत्खननात भराव काढला गेला आणि दरवाजा हवेत राहिला. काल संध्याकाळी विचारलेल्या प्रश्नाचे याहून स्पष्ट उत्तर रोममध्ये दुसरे नाही. मुले सोबत असतील तर त्यांना आधी काही सांगू नये. ‘या दारातून आत कसे जात असतील?’ एवढेच विचारावे.

सीझरचे मंदिर म्हणजे आज पत्र्याच्या छपराखाली मातीचा एक ओबडधोबड ढिगारा आहे. इ.स.पू. ४४ मध्ये त्याच्या देहाचे दहन इथे झाले, आणि आजही कोणी ना कोणी तिथे फुले ठेवून जाते. शेजारच्या बॅसिलिका एमिलियाच्या संगमरवरी फरशीवर हिरवट डाग दिसतात, इ.स. ४१० मध्ये गॉथ टोळ्यांचा राजा अलारिक याच्या स्वारीत लागलेल्या आगीत सराफांची तांब्याची नाणी वितळून फरशीत मुरली, त्यांच्या त्या खुणा आहेत. समोरच्या बॅसिलिका ज्युलियाच्या पायऱ्यांवर रिकामटेकड्या रोमनांनी खेळासाठी कोरलेले पट सापडतात. कुरिया आजवर टिकली ती सातव्या शतकात तिचे चर्च झाल्यामुळे. ज्या वास्तूला पुढच्या पिढ्यांनी वापरात ठेवले ती वाचली आणि बाकीच्यांचा दगड चुनखडीच्या भट्ट्यांत गेला.

सेप्टिमियस सेवेरसच्या इ.स. २०३ मधल्या कमानीवरचा लेख शेवटी पाहावा. वरून चौथ्या ओळीत अक्षरांच्या आजूबाजूला जास्तीची भोके आणि किंचित खोल गेलेला दगड दिसतो. तिथे गेटा या धाकट्या मुलाचे नाव धातूच्या अक्षरांत होते. थोरल्या काराकालाने भावाचा खून केल्यावर ते उखडून काढले आणि त्या जागी दुसरी अक्षरे बसवली. अक्षरे गेली, पण ती ठोकण्यासाठी पाडलेली भोके राहिली.

दुपार आणि कलोसियम

फोरममधून बाहेर पडेपर्यंत एक-दीड वाजलेला असतो. मोंतीत जाऊन जेवावे आणि बसून विश्रांती घ्यावी. शाकाहारी मंडळींना कापलेल्या तुकड्यांनी विकला जाणारा पिझ्झा सोयीचा पडतो. मात्र रोमचे प्रसिद्ध पेकोरिनो चीज कोकराच्या जठरातल्या विरजणाने करतात, त्यामुळे कडक शाकाहार पाळणाऱ्यांनी त्याबद्दल विचारून घ्यावे.

कलोसियमची वेळ दुपारी साडेतीन-चारची घ्यावी (हिवाळ्यात दोनची) आणि तिथे पाऊण तास आधी पोचावे. त्यातली वीस मिनिटे सुरक्षा तपासणीला जातात. उरलेल्या वेळात बाहेरून प्रदक्षिणा घालावी, कारण बाहेरची बाजू आतल्याइतकीच मोलाची आहे. व्हेस्पेसियनने नीरोच्या कृत्रिम तळ्याच्या जागी हे काम सुरू केले आणि इ.स. ८० मध्ये त्याचा मुलगा टायटस याने उद्घाटन केले. लांबी १८९ मीटर, रुंदी १५६ मीटर आणि उंची पन्नास मीटरच्या जवळपास. उत्तरेकडे चारही मजले उभे आहेत, दक्षिणेकडे बाहेरचे कडे नाहीच. १३४९ च्या भूकंपात ते कोसळले आणि तो दगड नंतर शहराच्या इतर इमारतींत गेला. भिंतीवर सगळीकडे दिसणारी भोके गोळ्यांची नव्हेत. दगड एकमेकांना जोडणारे लोखंडी आकडे मध्ययुगात काढून नेले, त्याची ती घरे आहेत.

पूर्वेच्या टोकाला विटांचा एक मोठा तिरका टेकू आहे. भिंत पडण्याच्या बेतात असताना १८०७ च्या सुमारास तो बांधला गेला. त्याच्या शेजारच्या कमानींत निखळून खाली घसरलेले दगड विटांनी त्याच स्थितीत जखडून टाकले आहेत. पडझडीचा एक क्षण तिथे दोनशे वर्षे थांबून राहिला आहे. उत्तरेच्या बाजूला कमानींवर रोमन अंक कोरलेले आहेत. एकूण ८० कमानींपैकी ७६ सामान्य प्रेक्षकांसाठी होत्या आणि प्रत्येकीला क्रमांक होता. त्यांतले २३ ते ५४ आजही वाचता येतात. आपल्या हातातल्या तिकिटावर दाराचा क्रमांक असावा, तशीच ही सोय होती.

आत गेल्यावर आधी वरच्या मजल्यावर चढावे आणि मगच आखाड्याच्या पातळीला यावे. वरून आखाड्याखालच्या समांतर भिंती स्पष्ट दिसतात. त्यावर लाकडी फलाट आणि त्यावर वाळू असे. खालच्या खोल्यांतून जनावरे आणि माणसे दोरखंडांच्या पाळण्यांनी एकदम वर काढली जात. प्रेक्षकांची बसण्याची जागा दर्जाप्रमाणे ठरलेली होती : सिनेटर खाली, स्त्रिया आणि गरीब सर्वांत वर. उन्हासाठी वरून कापडी छत ताणले जाई आणि ते हाताळायला आरमारातले खलाशी ठेवलेले होते. हे सारे यंत्रतंत्र थक्क करणारे आहे, तरी ते माणसांच्या आणि जनावरांच्या जीवघेण्या झुंजींसाठी होते याचा विसर पडू देऊ नये.

भिंतींना हात लावू नये आणि काही कोरण्याचा विचारही मनात आणू नये. २०२३ मध्ये एका पर्यटकाने तिथे किल्लीने नावे कोरली आणि त्याचे पडसाद जगभर उमटले. गडकोटांवरच्या बुरुजांवर कोरलेली नावे पाहून ज्यांचा जीव कळवळतो, त्यांना हे वेगळे सांगायला नको. बाहेर रोमन सैनिकाच्या वेशात छायाचित्रासाठी बोलावणारे किंवा मनगटाला दोरा बांधून ‘भेट’ देणारे लोक नंतर पैसे मागतात. त्यांना नम्रपणे नकार देऊन चालू लागावे. मेट्रोत आणि गर्दीच्या बसमध्ये पाकीट पुढच्या खिशात आणि पिशवी पोटाशी ठेवावी. अंधार पडल्यावर मेट्रो स्थानकाच्या वरच्या अंगाला असलेल्या लार्गो आग्नेझी या सज्ज्यावरून उजळलेले कलोसियम पाहावे.

तिसरा दिवस : सान क्लेमेंते आणि पॅन्थिऑन

कलोसियमपासून पायी दहा मिनिटांवरचे सान क्लेमेंते हे चर्च बरेच लोक पाहत नाहीत, आणि माझ्या मते ती मोठीच चूक आहे. रस्त्याच्या पातळीवर बाराव्या शतकातले चर्च आहे. जिना उतरला की चौथ्या शतकातले चर्च. आणखी एक जिना उतरला की पहिल्या-दुसऱ्या शतकातली घरे, अरुंद गल्ली आणि मिथ्र देवाचे भुयारी मंदिर. सर्वांत खाली भिंतीपलीकडून वाहत्या पाण्याचा आवाज येतो. फोरममध्ये जो भराव नुसता समजून घ्यावा लागतो, त्यातून इथे पायऱ्यापायऱ्यांनी खाली जाता येते.

तिथून पॅन्थिऑन या प्राचीन रोमन मंदिराकडे जाताना वाटेत लार्गो अर्जेंतिनाचा खोल चौक लागतो. सीझरचा खून झाला ते सेनापती पॉम्पीचे सभागृह याला लागून होते. रस्त्यावरून पाहिले तरी पुरते.

पॅन्थिऑनवरच्या लेखात मार्कस अग्रिप्पाने तिसऱ्यांदा कॉन्सल (सर्वोच्च शासनाधिकारी) असताना हे बांधले, असे म्हटले आहे. प्रत्यक्षात आजची इमारत सम्राट हेड्रियनच्या काळात, इ.स. १२६ च्या सुमारास पूर्ण झाली आणि त्याने जुन्याच कर्त्याचे नाव कायम ठेवले. घुमटाचा व्यास ४३.३ मीटर आणि जमिनीपासून माथ्याची उंचीही तेवढीच, म्हणजे आत एक पूर्ण गोल बसेल. लोखंडी सळया न घालता केलेला काँक्रीटचा याहून मोठा घुमट जगात आजही नाही. मिश्रणात खाली जड दगड आणि वर जाऊ लागले तसे हलके, प्युमिससारखे खडे घातले आहेत, भिंतही वर पातळ होत जाते, आणि माथ्यावरचे सुमारे नऊ मीटरचे भोक हे वजन कमी करण्याचे शेवटचे साधन आहे. पाऊस पडला तर आत सरळ पाणी पडते आणि फरशीतल्या लहान छिद्रांतून निघून जाते. अशा दिवशी आवर्जून जावे. ऊन असेल तर दुपारी बाराच्या आसपास जावे आणि एका जागी वीस मिनिटे बसावे. प्रकाशाचा झोत भिंतीवरून सरकताना दिसतो. २१ एप्रिलला, रोमच्या स्थापनादिनी, दुपारी तो नेमका दरवाजावर येतो.

इ.स. ६०९ पासून हे चर्च आहे आणि ते टिकण्याचे कारणही तेच. प्रार्थनेच्या वेळी पर्यटकांना प्रवेश नसतो. खांदे आणि गुडघे झाकलेले असावेत. पिशवीतली एक ओढणी कामाला येते. २०२३ मध्ये प्रवेशाला ५ युरोंचे तिकीट सुरू झाले.

चौथा दिवस : ओस्तिया अँतिका

ज्यांच्याकडे एकच दिवस जास्तीचा आहे त्यांनी ज्वालामुखीखाली गाडल्या गेलेल्या पॉम्पेई शहराची दगदग न करता ओस्तियाला जावे. पॉम्पेईसाठी नेपल्समध्ये निदान एक मुक्काम हवा. तिथल्या संग्रहालयात पॉम्पेईत १९३८ मध्ये सापडलेली हस्तिदंती भारतीय स्त्रीमूर्ती आहे आणि तिच्याशी साम्य असलेल्या मूर्ती आपल्याकडे तेर आणि भोकरदनला मिळाल्या आहेत, म्हणून तो मुक्काम करण्यासारखा आहे. पण तो प्रवास वेगळा.

ओस्तिया हे रोमचे बंदर. मेट्रोच्या पिरामिदे थांब्याला लागून असलेल्या पोर्ता सान पाओलो स्थानकातून लोकलसारखी गाडी सुटते आणि अर्ध्या तासात ओस्तिया अँतिकाला पोचवते. शहराचे साधे तिकीट चालते. सोमवारी आवार बंद असते. स्थानकावरून पादचारी पूल ओलांडून दहा मिनिटे चालले की दार येते.

इथे सम्राट नाहीत. इथे गोदामे, भाड्याच्या खोल्यांच्या बहुमजली चाळी, स्नानगृहे, गिरण्या आणि दुकाने आहेत. मुख्य रस्त्याने जाताना उजवीकडे नेपच्यूनच्या स्नानगृहाचा काळ्या-पांढऱ्या तुकड्यांचा फरशीपट वरच्या सज्ज्यावरून पाहावा. नाट्यगृहामागच्या चौकात व्यापाऱ्यांच्या पेढ्या होत्या आणि प्रत्येकीसमोरच्या फरशीवर तिची पाटीच जडवलेली आहे : कुठे जहाज, कुठे धान्याचे माप, आणि उत्तर आफ्रिकेतल्या सब्राथाच्या व्यापाऱ्यांसमोर हत्ती. लिहिता-वाचता न येणाऱ्या हमालालाही माल कुठे टाकायचा ते कळत असे. पुढे गिरणीत काळ्या ज्वालामुखी दगडाची जाती ओळीने उभी आहेत. त्यांच्याभोवती गाढवे किंवा खेचरे फिरत.

दियाना मार्गावरच्या खानावळीत मात्र निवांत थांबावे. दारात दगडी बाके, आत संगमरवरी फळ्यांचा कट्टा, त्याखाली भांडी विसळायचे कुंड आणि भिंतीवर खाण्याच्या जिन्नसांचे रंगवलेले चित्र. मागे अंगण आहे, तिथे गिऱ्हाईक उन्हाळ्यात बसत असणार. कलोसियमपेक्षा हा कट्टा मला जवळचा वाटतो, कारण इथे उभे राहिलेला माणूस बंदरावर राबून भूक लागलेला साधा माणूस होता.

सगळे नीट पाहायला चार-पाच तास लागतात. टायबरच्या गाळाने समुद्र आता तीन-चार किलोमीटर मागे हटला आहे, त्यामुळे रस्त्याच्या टोकाला पाणी दिसेल या अपेक्षेने चालत राहू नये. आवार बंद होण्याच्या किमान पाऊण तास आधी मागे फिरावे. मुख्य रस्ता एक किलोमीटरहून लांब आहे, दमलेल्या पायांना दाराशी यायला वेळ लागतो, आणि दिवेलागणीला तिथले रखवालदार एकेका गल्लीत फिरून मागे राहिलेल्यांना हाक मारत येतात.